गाडलेला ओढा पुन्हा उघडायचाय? मग आधी ड्रेनेज, मग जागा, आणि बाग सगळ्यात शेवटी

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर या पट्ट्यातली माणसं अजून विसरलेली नाहीत. कात्रजच्या बाजूला काही तास तुफान पाऊस झाला, आंबिल ओढा फुगला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या आणि पुणे परिसरात वीसहून जास्त जीव गेले. हा ओढा काही अनोळखी नव्हता. पूर्वी तो पेठांमधून वाहायचा, पेशवाईत त्याला पर्वतीच्या बाजूनं वळवलं, वर कात्रजला तलाव बांधले. पण गेल्या काही दशकांत कुठे भिंत, कुठे भराव, कुठे वर स्लॅब असं करत करत त्याची रुंदी खाल्ली गेली आणि त्याला मिळणारे बारके ओहोळ तर सरळ पाइपात घालून वर रस्ते, पार्किंग, बागा झाल्या. नाशिकला सरस्वती नाला सराफ बाजाराच्या खालून जातो, मोठा पाऊस झाला की तोही असाच वर येतो.

हा लेख अशा गाडलेल्या ओढ्याचा एखादा तुकडा पुन्हा उघडा करायचा असेल तर काय काय करावं लागतं यावर आहे. सोसायटीतली माणसं, वॉर्डात काम करणारे गट, आर्किटेक्चर-सिव्हिलची पोरं, महापालिकेतले तरुण जेई (कनिष्ठ अभियंते), सगळ्यांना कामाला येईल अशा बेतानं लिहिलाय. काम वेळखाऊ आहे, दोन-तीन वर्षं सहज जातात, पण जगात बऱ्याच ठिकाणी झालंय आणि आपल्याकडे न होण्यासारखं त्यात काही नाही.

आधी थोडं बाहेरचं बघू

सगळ्यांना माहीत असतं ते दक्षिण कोरियातल्या सोलचं चॉन्गेचॉन. १९५८ पासून झाकत नेलेला ओढा, त्यावर नंतर उड्डाणरस्ता, तो २००३ च्या जुलैपासून पाडला आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये जवळपास ६ किलोमीटरचा ओढा लोकांना खुला झाला. फोटो सुंदर आहेत, पण एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तिथलं रोजचं पाणी नैसर्गिक नाही, हान नदीतून आणि भुयारी रेल्वेच्या बोगद्यांमधून उपसलेलं, दिवसाला साधारण १,२०,००० घनमीटर पाणी पंपानं सोडावं लागतं. आपल्याकडे कुणी प्रेझेंटेशनमध्ये बारा महिने खळाळतं पाणी दाखवलं तर पहिला प्रश्न हाच विचारा, की मे महिन्यात हे पाणी कुठून येणार आणि पंपाचं वीजबिल कोण भरणार.

मला स्वतःला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं मॉडेल जास्त पटतं. त्यांनी १९८८ मध्ये शहरासाठी ओढ्यांचं धोरण केलं आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. डोंगरावरच्या झऱ्यांचं स्वच्छ पाणी ड्रेनेज लाइनमध्ये मिसळून शुद्धीकरण केंद्रात जात होतं आणि चांगलंच पाणी पुन्हा शुद्ध करायला पैसे जात होते, म्हणून त्यांनी झऱ्याचं पाणी वेगळं काढून गल्ल्यांमधून, फुटपाथच्या कडेनं, बागांमधून उघडं वाहू दिलं. तेव्हापासून जवळपास २० किलोमीटर ओढे उघडे झाले, पण एका दमात नाही, रस्ता खोदायचा असेल तेव्हा रस्त्याबरोबर, शाळा नवी होत असेल तेव्हा शाळेबरोबर असे तुकड्या-तुकड्यानं. आणि छोट्या तुकड्यालाही किंमत असते. अमेरिकेत बर्कलीला १९८४ मध्ये रेल्वेच्या जुन्या यार्डात जेमतेम ६० मीटर ओढा उघडला होता, तो या सगळ्या चळवळीतल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक मानतात. इंग्लंडात शेफिल्डला २०१६ मध्ये पोर्टर ब्रूकवरचा एक कार पार्क काढून तिथे छोटी बाग केली, पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात आणि पूर आला की ती बागच पाणी सामावून घेते.

ओढा शोधणे

पहिलं काम कागदावरचं. भूमी अभिलेख खात्याकडून गावनकाशा काढा, म्हणजे शहरात आता विलीन झालेल्या मूळ गावाचा. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात, सर्व्हे नंबरच्या हद्दी पुष्कळदा ओढ्यानंच ठरलेल्या असतात. सोबत त्या सर्व्हे नंबरचं टिपण आणि फाळणी नकाशा मागा, त्यात मापं मिळतात. गावठाणात किंवा जुन्या पेठांमध्ये असाल तर सिटी सर्व्हेचा नकाशा. मग सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (चढ-उतार, ओढे दाखवणारा नकाशा), महापालिकेचे जुने आणि नवे डीपी (विकास आराखडे), आणि हे सगळं गुगल अर्थवर एकावर एक ठेवून बघा. जिथे गावनकाशात ओढा आहे, जुन्या डीपीत निळी रेघ आहे आणि नव्यात काहीच नाही, तिथे नेमकं काय झालं हे विचारायला आरटीआय टाका, दहा रुपयांचं काम आहे. मागायचं काय तर नाला वळवण्याची किंवा बंदिस्त करण्याची परवानगी, त्यासोबतचा नकाशा, पाइपाचा व्यास आणि त्यासाठी केलेलं पाण्याचं गणित. गणिताची फाइल मिळाली नाही तर तेही उत्तरच असतं, जपून ठेवा.

दुसरं काम पायानं. ओढ्याच्या जुन्या वाटेवरून चाला, उतार डोळ्यानं कळत नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात चाला, पाणी स्वतःच वाट दाखवतं. उंबर, करंज, जांभूळ अशी मोठी जुनी झाडं एका वाकड्या ओळीत उभी असतील, मध्येच कंपाउंडची भिंत एका ठिकाणी खचलेली असेल, एखाद्या बिल्डिंगच्या तळघरात बारा महिने पंप चालू असेल, तर रेघ तिथूनच जाते असं समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे साडेचार-पाचला, रस्ता शांत असताना, चेंबरच्या झाकणाजवळ उभं राहून ऐका, कारण त्या वेळी घरोघरचे नळ बंद असतात आणि तरीही खालून एकसारखा आवाज येत असेल तर ते पाणी घरातलं नाही, झऱ्याचं आहे किंवा फुटलेल्या पाण्याच्या लाइनचं आहे. आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांशी बोला. कपडे कुठे धुवायचे, म्हशी कुठे डुंबायच्या, साकव कुठे होता, हे त्यांना नकाशापेक्षा पक्कं माहीत असतं.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. चेंबरचं झाकण स्वतः उघडू नका आणि बंदिस्त नाल्यात कुणीही, अगदी दोन मिनिटांसाठी, फोटोसाठी, उन्हाळ्यात कोरडा दिसतोय म्हणून सुद्धा शिरू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं, माणसाला वाटतं गेला वास आणि तो तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं माणसाला हातानं मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे. आतली पाहणी कॅमेऱ्यानं होते, महापालिकेकडे किंवा त्यांच्या ठेकेदाराकडे पाइपात फिरणारा कॅमेरा असतो, त्याची मागणी लेखी करा.

पाणी कसलं आहे ते ठरवा

ज्या ठिकाणी नाला पाइपात शिरतो आणि जिथे बाहेर पडतो अशा दोन उघड्या जागी महिन्यातून एकदा तरी पाणी तपासा, उन्हाळ्यात नक्कीच. क्लोरीन तपासायचं साधं किट दुकानात मिळतं, थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला तर त्यात नळाचं पाणी आहे, म्हणजे लाइन फुटलीय. एचटूएस बाटली (मैल्यातले जंतू ओळखायची तयार चाचणी) एक-दोन दिवसांत काळी पडली तर मैलापाणी आहे, आणि आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी काळीच पडते हे मनाशी धरून चाला. पुढच्या टप्प्याला लॅबचा रिपोर्ट लागेल. मुलं पाण्यात पाय घालणार असतील तर आंघोळीच्या पाण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष डोळ्यासमोर ठेवा, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५. तिथवर पोचायला वेळ लागेल, तोपर्यंत ओढा बघायचा, पाण्यात उतरायचं नाही, असा बोर्ड लावायचा आणि तो पाळायचा.

मग मैलापाणी कुठून येतं ते शोधायचं. महापालिकेच्या ड्रेनेज विभागाला बरोबर घेऊन सोसायटी-सोसायटीत रंगाची चाचणी करता येते, संडासात चमकदार हिरवा रंग सोडायचा आणि नाल्याच्या तोंडाशी कुणीतरी थांबायचं, रंग तिथे आला की कनेक्शन चुकीचं. यात भांडणं होतात. कुणालाच आपल्या सोसायटीचं नाव यादीत नको असतं, म्हणून पहिल्या फेरीत नावं जाहीर करू नका, आधी दुरुस्तीची मुदत द्या.

इथे खूप जण शॉर्टकट घेतात तो असा, की नाल्यालाच आडवा बंधारा घालायचा आणि सगळं पाणी उचलून ड्रेनेजमध्ये ढकलायचं. उन्हाळ्यात नाला स्वच्छ दिसतो, पण झऱ्याचं चांगलं पाणीही त्यातच जातं आणि पहिल्या जोरदार सरीत बंधाऱ्यावरून सगळं मैलापाणी थेट तुमच्या नव्या बागेत येतं. घराघरातून येणारी लाइन ओढ्याला समांतर टाकलेल्या ड्रेनेजला जोडणं हाच खरा उपाय आहे. महाग आहे, कंटाळवाणा आहे, त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, आणि तो केल्याशिवाय ओढा उघडूच नये असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा का लोकांना उघड्या गटाराचा वास आला की तेच लोक स्लॅब टाका म्हणून सह्यांचं निवेदन घेऊन जातात. पाणकणीस, कर्दळ, वाळा लावलेली पाणथळ पट्टी उरलेली घाण थोडीफार कमी करते, पण ती शेवटचा हात म्हणून, ड्रेनेज लाइनच्या ऐवजी नाही.

पाण्याचं गणित, घाबरू नका

छोट्या पाणलोटासाठी, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी त्या ओढ्यात येतं त्यासाठी, इंजिनिअर लोक एक सोपं सूत्र वापरतात. पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर तासाला किती मिलिमीटर, आणि पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून जातं तो गुणांक, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं, उत्तर सेकंदाला घनमीटर.

समजा तुमच्या ओहोळाचा पाणलोट १०० हेक्टर आहे आणि तासाला ६० मिलिमीटर जोरानं पाऊस पडतोय. पूर्वी शेतं-माळ होता तेव्हा गुणांक ०.३ धरला तर ५ घनमीटर यायचं. आता सगळीकडे काँक्रीट, पेव्हिंग ब्लॉक, गुणांक ०.७, म्हणजे ११.७ घनमीटर, दुपटीहून जास्त. आणि खाली पाइप कोणता टाकलाय तर समजा १२०० मिलिमीटर व्यासाचा, दोनशेला एक उतारावर. तो पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला साधारण २.४ घनमीटरच नेतो, तेही आत गाळ आणि गाद्या अडकलेल्या नसतील तर. उरलेलं ९ घनमीटरच्या वर पाणी रस्त्यानं जाणार, तळघरात जाणार. त्यात कुणाचा दैवी कोप वगैरे काही नाही, साधी वजाबाकी आहे.

तेच पाणी उघड्या ओढ्यानं न्यायचं तर तळाला ४ मीटर रुंदी, दोन्ही काठांना दोनास एक उतार (दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ), पाण्याची खोली १.२ मीटर, काठावर गवत-झुडपं धरून सुद्धा साधारण १२ ते १३ घनमीटर जातं. वर अर्धा मीटर मोकळा ठेवला तर काठापासून काठापर्यंत रुंदी जवळजवळ ११ मीटर होते. हा ११ मीटरचा आकडा मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगायचा. जागा तेवढी नसेल आणि कुणी ३ मीटरच्या उभ्या भिंतीत ओढा बसवून देतो म्हणाला तर त्याच्याकडून गणित मागा. उभी भिंत कमी जागेत पाणी नेते हे खरं, पण त्यात पडलेलं मूल बाहेर येऊ शकत नाही.

अजून एक गैरसमज काढून टाकू. वरच्या मापाचा १०० मीटर तुकडा उघडला तर त्यात साठतं किती, तर जेमतेम ७७० घनमीटर. खालचा पाइप २.४ चाच राहिला तर तो तुकडा दीड मिनिटाच्या आत भरून वाहायला लागेल. म्हणजे नुसता मधला तुकडा उघडून खालचा पूर थांबत नाही. त्याला दोन जोड लागतात. एक तर खालच्या बाजूची अरुंद मोरी मोठी करायची. दुसरं, वरच्या बाजूला पाणी थोपवायचं, आणि यात खेळाची मैदानं फार कामाची आहेत. एक हेक्टरचं मैदान आजूबाजूपेक्षा ६० सेंटिमीटर खोल केलं तर ६,००० घनमीटर पाणी काही तास थांबतं, दुसऱ्या दिवशी ओसरतं, संध्याकाळी पोरं पुन्हा खेळतात. पावसाचा खरा जोर बहुतेक वेळा थोडाच वेळ असतो, तेवढी दहा मिनिटं जरी पुराचं शिखर पुढे ढकललं तरी खालच्या वस्तीत पाणी गुडघ्याऐवजी घोट्यापर्यंत येतं.

हे सगळं अंदाजापुरतं. प्रत्यक्ष डिझाइनला तुमच्या शहराची पावसाची आकडेवारी, केंद्राचं २०१९ चं पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं मॅन्युअल आणि जाणकार हायड्रॉलिक इंजिनिअर लागतो. तासाला किती मिलिमीटर धरायचे हा प्रश्न हलका घेऊ नका, मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबानं होते आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला.

कुठला तुकडा निवडायचा

ज्याच्या डोक्यावर इमारत नाही तो. महापालिकेची बाग, शाळेचं मैदान, मंडई मागचं पार्किंग, सरकारी कॉलनीतली मोकळी जागा, असे ५० ते १५० मीटरचे तुकडे शोधा. उतार बरा हवा, जवळ ड्रेनेज लाइन हवी, पोकलेन आत जाईल एवढा रस्ता हवा. खाली काय काय गेलंय याची यादी करा, महावितरणची केबल, पाण्याची मेन लाइन, गॅस, इंटरनेटच्या वायरी. नकाशावर विश्वास ठेवू नका, दर १०-१५ मीटरवर हातानं चाचणी खड्डे घ्यायला लावा. पुष्कळदा खुदाईपेक्षा या लाइनी हलवण्याचाच खर्च जास्त येतो आणि तो एस्टिमेटमध्ये धरलेला नसतो, मग काम अर्ध्यात लटकतं.

जमिनीच्या मालकीचं म्हणाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रं, दुसऱ्या कुणाच्या मालकीची नसतील तर, सरकारची. त्यामुळे सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर पात्राचं क्षेत्र कसं नोंदलंय ते आधी बघा. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत नाल्यापासून किती अंतर सोडायचं ते दिलंय, आणि मोठ्या नदीच्या जवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघायची, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आता सगळ्यात नाजूक विषय. ओढ्याकाठी वस्ती असते, ती हौसेनं तिथे राहत नाही, शहरानं दुसरी जागा दिली नाही म्हणून राहते. २०२१ च्या जूनमध्ये आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीवर ऐन पावसाच्या तोंडावर पाडकाम सुरू झालं, लोक रस्त्यावर आले, शेवटी कोर्टाची स्थगिती आली. सोललाही ओढ्यावरच्या रस्त्यालगत धंदा करणाऱ्या फेरीवाल्यांना उठवलं गेलं आणि त्यातल्या अनेकांची घडी पुन्हा बसली नाही. तुमच्या प्रकल्पात घरं येत असतील तर जवळपास, पक्की, नावावर घरं मिळाल्याशिवाय कुदळ मारायची नाही हे पहिल्या कागदावर लिहा. आणि बंगल्याची भिंत, सोसायटीचं क्लब हाउस ओढ्यात आलं असेल तर त्यालाही तीच फूटपट्टी लावा. झोपडी दिसते आणि भराव दिसत नाही, इथेच सगळं बिनसतं.

मंजुरी आणि पैसा

वॉर्ड ऑफिसपासून सुरुवात करा. पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६ पासून आहे, त्यातून ओढा उघडण्याएवढे पैसे मिळणार नाहीत पण सर्व्हे, चाचणी खड्डे, पाण्याची तपासणी यासाठी प्रस्ताव टाकता येतो आणि त्यानं फाइल तयार होते. मोठ्या रकमेसाठी ओढा एकटा मांडू नका, झुरिकसारखं दुसऱ्या कामाला जोडा. रस्ता काँक्रीटचा होणार आहे, ड्रेनेजची मेन लाइन बदलणार आहे, बागेचं नूतनीकरण निघालंय, तेव्हा त्याच टेंडरमध्ये हा तुकडा घालायचा. बांधकाम, ड्रेनेज, उद्यान, आरोग्य आणि मालमत्ता या विभागांना एका टेबलावर आणणं हे खरं काम, आणि त्याला एक खमका अधिकारी किंवा नगरसेवक लागतोच.

डिझाइनमध्ये काय बघायचं

दुहेरी पात्र करा. तळाशी एक बारकं वळणावळणाचं पात्र, ज्यात दिवाळीनंतरचं थोडं पाणीही वाहतं राहील, आणि त्याच्या वर दोन्ही बाजूंना सपाट पायरी, जी फक्त पुरात पाण्याखाली जाईल. सपाट रुंद काँक्रीटच्या तळात थोडं पाणी पसरून साचतं आणि डास होतात. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून पाणी कुठेही आठवडाभर थांबणार नाही असा उतार ठेवा.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. काळी माती पाण्यानं फुगते आणि उभी कापली तर ढासळते, म्हणून काठ दोनास एक, जमलं तर तीनास एक. पाइपातून पाणी उघड्यावर येतं तिथे त्याचा वेग मोडायला मोठ्या डबराचं अंथरूण लागतं, तिथे आणि तीव्र वळणांवर गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या पेट्या) ठीक. बाकी ठिकाणी काथ्याची जाळी अंथरून त्यात वाळा, लव्हाळा, निर्गुडी लावा, वरच्या अंगाला करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. खणताना दगडाच्या सांध्यातून झरा लागला तर काम तिथल्यापुरतं थांबवून भूजलाच्या जाणकाराला बोलवा, कारण ठेकेदाराचा माणूस सवयीनं तो सिमेंटनं बंद करतो, आणि तुमचा बारमाही ओढा तिथेच संपतो.

उघडा तुकडा जिथे पुन्हा पाइपात शिरतो ती जागा सगळ्यात धोक्याची. तिथे जाळी लागते, तिरकी, वरून दाताळ्यानं साफ करता येईल अशी, आणि शेजारी माणसाला उभं राहायला ओटा. जूनच्या पहिल्या पावसात त्या जाळीवर काय येतं हे एकदा जाऊन बघा, थर्माकोल, नारळ, गादीचा स्पंज, निर्माल्याच्या पिशव्या, चपला, अख्खं खोड, आणि अर्ध्या तासात जाळीचं धरण होतं. म्हणून जाळी तुंबली तर पाणी कुठून जाईल याची दुसरी वाट, म्हणजे रस्त्याकडे नेणारा मुद्दाम ठेवलेला सखल भाग, डिझाइनमध्येच हवा.

फिरायची वाट पूरपायरीच्या वर ठेवा. खाली पाण्याजवळ बसायला घाटासारख्या चार-सहा पायऱ्या हव्यातच, नाहीतर लोक ओढ्याकडे पाठ करून बसतील, पण दर ३०-४० मीटरवर वर यायला सोपी वाट हवी, व्हीलचेअर आणि आजी-आजोबांसाठी निदान एक उतरण हवी. सोलला जोराचा पाऊस येणार असला की खालची वाट बंद करतात, कारण भिंतीतली झाकणं उघडून पावसाचं पाणी एकदम ओढ्यात येतं. आपणही वरच्या बाजूला पाण्याची पातळी बघणारा माणूस किंवा सेन्सर, भोंगा आणि गेटला कुलूप हे तिन्ही ठेवावं. शहरातला ओढा काही मिनिटांत चढतो, डोंगरात पाऊस पडतो आणि तुमच्याकडे ऊन असतं.

कामाचं वेळापत्रक

दिवाळी झाली की सुरुवात, मेच्या मध्यापर्यंत खुदाई, काठ आणि जाळ्या पूर्ण. लागवड पहिल्या सरींच्या आधी आठवडाभर. फेब्रुवारीत वर्क ऑर्डर निघाली तर काम पुढच्या वर्षावर टाकायला सांगा, कितीही दबाव असला तरी, अर्धवट खणलेला ओढा पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगचा पाया धुऊन नेऊ शकतो. जुना पाइप लगेच फोडू नका, पहिला पावसाळा तो बाजूची वाट म्हणून राहू दे. निघालेलं काँक्रीट आणि राडारोडा कुठे जाणार ते टेंडरमध्ये लिहा, नाहीतर तो दोन किलोमीटर खाली त्याच ओढ्यात पडतो.

उघडल्यानंतर

पुलाच्या किंवा भिंतीच्या अंगावर सेंटिमीटरची पट्टी रंगवा, एखाद्या गच्चीवर पर्जन्यमापक लावा, आणि प्रत्येक मोठ्या पावसात वेळ, पाऊस, पातळी हे तीन आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत चला. दोन पावसाळ्यांत तुमच्याकडे अशी माहिती जमते जी महापालिकेकडेही नसते, आणि पुढच्या तुकड्याची मागणी करताना तीच कामी येते.

देखभालीत सगळ्यात मोठा धोका कचऱ्याहून वेगळाच आहे, तो म्हणजे दर एप्रिल-मेमधली नालेसफाई. ठेकेदाराला मीटरवर किंवा गाळाच्या वजनावर पैसे मिळतात, त्याचा पोकलेन येतो आणि एका सकाळीत वाळा, दगड, बारकं पात्र, काथ्याची जाळी सगळं खरवडून ट्रकमध्ये भरून नेतो, त्याच्या लेखी तो गाळच असतो. म्हणून या तुकड्याचं नाव नालेसफाईच्या टेंडरमधून वेगळं काढून घ्या, फक्त जाळीजवळचा आणि पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ हातानं किंवा छोट्या मशीननं काढायचा असं कलम घाला, आणि त्या पानाची प्रत आरोग्य कोठीच्या मुकादमाकडे, वॉर्डाच्या जेईकडे आणि बागेच्या सिक्युरिटीकडे देऊन ठेवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिघांनाही एक फोन करा, कारण मधल्या वर्षात जेईची बदली झालेली असते.